नव्वदांची गाडी, गोंदियाचा एक डबा

मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
भारतीय कंटेनर निगम (कॉनकॉर),
नवी दिल्ली.



हावडा–मुंबई मार्गावरच्या गोंदिया जंक्शनवर आपल्या निगमाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. कंटेनर लादलेल्या सपाट वाघिणींच्या लांबच लांब गाड्या तिथून जातात, कधी रायपूरकडे, कधी नागपूरकडे. त्या थांबल्याच तर सिग्नलसाठी थांबतात. गोंदियाचा माल त्यांत चढत नाही.

हा माल म्हणजे तांदूळ. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पाण्यावर जगणारा हा आठ तालुक्यांचा जिल्हा. खरिपात इथे नजर जाईल तिथे धान, आणि जिथे तलावाचे किंवा कालव्याचे पाणी पोहोचते तिथे उन्हाळी धानही. गोंदिया, आमगाव, तिरोडा, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव, कुठेही गेले तरी राईस मिलची चिमणी आणि तिच्यामागचा भुशाचा ढीग दिसणारच. इथला उष्णा तांदूळ, म्हणजे धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला, आफ्रिकेत खपतो. एकदा वाफवलेला हा दाणा भरडताना कमी तुटतो, साठवणीत टिकतो आणि शिजल्यावर मोकळा राहतो. बेनिन, टोगो, आयव्हरी कोस्ट या देशांतल्या बाजाराला तो हवा असतो. भारताच्या बिगर-बासमती तांदळाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बेनिनसारखा छोटा देश वरच्या क्रमांकावर असतो, हे विदर्भात फार थोड्यांना माहीत आहे.

या तांदळाचा समुद्रापर्यंतचा प्रवास कसा होतो, ते आपल्यापुढे मांडावे आणि त्यात निगमाने कुठे हात घालायला हवा ते सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी डब्याचे गणित. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर 58 पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तेव्हापासून व्यापाराचे माप बदलले. आज गिरणीवाल्याच्या दृष्टीने माप एकच: वीस फुटी कंटेनर. आतून तो सहा मीटरला किंचित कमी लांब असतो आणि त्यात सुमारे 33 घनमीटर जागा असते. पन्नास किलोचे पाचशे कट्टे, म्हणजे 25 टन तांदूळ, त्यात बसतो. चाळीस फुटी कंटेनर तांदळाच्या कामाचा नाही. लांबी दुप्पट झाली तरी त्यात भरता येणारे वजन थोडेच जास्त असते, म्हणजे अर्धी हवा भरून तिचे भाडे द्यायचे. इथेच पहिली मेख आहे. आयातीचा हलका, जागा खाणारा माल चाळीस फुटीतून येतो आणि जड धान्य पाठवणाऱ्याला वीस फुटी हवा असतो. शिवाय गोंदियात परदेशातून येणारा माल जवळजवळ नाहीच. जो डबा भरून आलाच नाही, तो रिकामा होऊन इथे पडून कसा राहील? तो दुसरीकडून आणावा लागतो आणि त्या रिकाम्या खेपेचे पैसे तांदळाच्या किमतीतून निघतात.

गोंदिया जिल्ह्यात सीमाशुल्काचा कंटेनर डेपो नाही. सर्वांत जवळचा मोठा डेपो नागपूरला, आपल्याच निगमाचा. आधी तो अजनीला होता, आता मिहानमध्ये आहे. गोंदियाच्या गिरणीवाल्यापुढे मग तीन वाटा उरतात. एक, कट्टे ट्रकने नागपूरला न्यायचे, तिथे उतरवून कंटेनरमध्ये भरायचे आणि पुढे रेल्वेने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात धाडायचे. दुसरी, नागपूरहून रिकामा कंटेनर ट्रेलरवर मागवायचा, गिरणीतच भरायचा, इलेक्ट्रॉनिक सील लावायचे (निर्यातदाराने स्वतः सील लावण्याची ही सोय 2017 पासून आहे) आणि भरलेला डबा परत नागपूरला धाडायचा. तिसरी वाट पूर्वेची. कट्टे ट्रकने थेट काकीनाडा किंवा विशाखापट्टणमला पाठवायचे. तिथे तांदूळ कंटेनरविनाही, थेट जहाजाच्या पोटात पोत्यांनी भरला जातो.

पहिल्या वाटेवर कट्ट्याला हमालाचा हात आणि हूक दोनदा जास्त लागतो. प्लास्टिकच्या विणीचा कट्टा ते फार सोसत नाही. दुसऱ्या वाटेवर ट्रेलर एका बाजूने रिकामा डबा घेऊन धावतो, गिरणीत भरायला उशीर झाला की थांबण्याचे भाडे वाढते आणि कंटेनर ठराविक दिवसांत जहाज कंपनीच्या हाती पडला नाही तर डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, लागतो. तिसऱ्या वाटेवर निर्यातदार म्हणून नाव दुसऱ्याचे लागते. गोंदियाचा तांदूळ रायपूरच्या किंवा आंध्रच्या व्यापाऱ्याच्या नावावर बेनिनला पोहोचतो आणि परदेशी गिऱ्हाइकाला गोंदिया नावाचे गाव असल्याचा पत्ताही लागत नाही.

या तिसऱ्या वाटेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. एकाच गिऱ्हाइकाला वीस-पंचवीस हजार टन उष्णा तांदूळ द्यायचा असेल तर पोत्यांनी भरलेले जहाजच परवडते. कोविडच्या काळात कंटेनर मिळेनासे झाले आणि भाडी आभाळाला भिडली, तेव्हा काकीनाड्याच्या जुन्या अँकरेज बंदराबाहेर जहाजांची रांग लागली. शेवटी फेब्रुवारी 2021 मध्ये आंध्र सरकारला शेजारचे खोल पाण्याचे बंदरही तांदळासाठी खुले करावे लागले. कंटेनर हा तांदळाच्या व्यापाराचा एकमेव राजमार्ग आहे, असा या पत्राचा दावा नाही.

दावा वेगळा आहे. जहाजभर माल ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी कंटेनर आहे. पंचवीस टन तांदूळ ही गोंदियाच्या मध्यम गिरणीच्या आवाक्यातली गोष्ट आहे, पंचवीस हजार टन नाही. शिवाय ज्या तांदळाला चार पैसे जास्त मिळतात तो सगळा लहान खेपांचाच माल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी, पूर्व विदर्भाच्या ताटातला जय श्रीराम, आणि बाघ नदीपलीकडच्या बालाघाटचा चिन्नोर, ज्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारे वैदर्भीय कुटुंब हा तांदूळ पाच-दहा किलोच्या पिशवीत मागते. असा माल जहाजाच्या पोटात ओतता येत नाही. त्याला बंद डबाच हवा, आणि तोही गिरणीच्या दारात भरलेला.

आता आपल्या बाजूची अडचण. कंटेनरची पूर्ण मालगाडी म्हणजे 45 सपाट वाघिणी, प्रत्येकीवर दोन वीस फुटी, एकूण 90 डबे. तांदळाच्या हिशेबात 2,250 टन, तेही एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकाच बंदरासाठी. निगमाने रेल्वेला गाडीचे भाडे भरायचे आणि जागा रिकामी धावली तर तोटा आपल्याच वहीत लिहायचा. दिल्लीतल्या टेबलावरून पाहिले तर गोंदियाला नकार देणे शहाणपणाचेच दिसते, आणि नकार देणारा अधिकारी दुष्ट नसतो.

पण या हिशेबात काही रकाने राहून गेले आहेत. त्यातला सर्वांत महागडा रकाना 2023 साली उघडा पडला.

20 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, आणि बंदी त्याच दिवसापासून लागू झाली. त्याआधी 8 सप्टेंबर 2022 ला कणीवर बंदी आणि पांढऱ्या तांदळावर वीस टक्के शुल्क आले होतेच. मग 25 ऑगस्ट 2023 ला उष्णा तांदळावरही वीस टक्के शुल्क बसले. देशाची बिगर-बासमती निर्यात 2022-23 मध्ये सुमारे 178 लाख टन होती, ती 2023-24 मध्ये 111 लाख टनांवर आली. देशात महागाई रोखण्यासाठी हे केले, हे सगळ्यांना समजते. मात्र जुलैच्या त्या अधिसूचनेत वाटेतल्या मालासाठी जी सवलत होती, तिचे शब्द गोंदियाने पुन्हा पुन्हा वाचले पाहिजेत. ज्या मालाचे जहाजात भरणे सुरू झाले आहे, ज्याचे शिपिंग बिल भरून जहाज बंदरात लागले आहे, किंवा जो माल अधिसूचनेपूर्वी सीमाशुल्काच्या ताब्यात गेला आहे, सीमाशुल्क स्थानकात पोहोचून तिथल्या संगणकात नोंदला गेला आहे, तो 31 ऑगस्टपर्यंत पाठवता येणार होता.

म्हणजे प्रश्न असा झाला: त्या संध्याकाळी तुमचा तांदूळ कुठे होता? बंदराला खेटून असलेल्या गिरणीचा माल काही तासांत स्थानकाच्या दारात पोहोचतो. गोंदियाचा ट्रक न्हावा शेव्याच्या वाटेवर तीन दिवस असतो. वाटेतल्या ढाब्यावर किंवा अमरावतीच्या टोलनाक्यावर उभा असलेला माल कायद्याच्या नजरेत अजून निघालेलाच नसतो. नागपूरच्या डेपोत नोंदलेला माल मात्र नागपुरात उभा राहूनही ‘गेलेला’ धरला जातो. समुद्रापासून दूरचा असा डेपो म्हणजे नुसती क्रेन आणि शेड नसते. तो समुद्राची कायदेशीर सीमा शेकडो किलोमीटर आत ओढून आणतो. सरकारी धोरण रात्रीत पालटते अशा देशात या सीमेला किंमत आहे, आणि ती भाड्याच्या तक्त्यात दिसत नाही.

पुढे 28 सप्टेंबर 2024 ला पांढऱ्या तांदळाची बंदी उठली, टनामागे किमान 490 डॉलरची अट घालून. 22 ऑक्टोबरला उष्ण्यावरचे शुल्क शून्यावर आले, दुसऱ्याच दिवशी किमान किमतीची अटही गेली. कणीची वाट 7 मार्च 2025 ला मोकळी झाली. 2024-25 मध्ये बिगर-बासमतीची निर्यात पुन्हा 141 लाख टनांपर्यंत चढली. अडीच वर्षांत दार इतक्या वेळा उघडले आणि मिटले की छोट्या गिरणीवाल्याने परदेशी गिऱ्हाईक जोडण्याचा नाद सोडून सरकारी भरडाईच पत्करली असेल, तर त्याला दोष कसा द्यावा?

थोडा दोष तरीही द्यायला हवा. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाने खरेदी केलेले धान भरडून द्यायचे, भरडाई आणि वाहतुकीचे पैसे घ्यायचे, ही चाकोरी गोंदियाच्या अंगवळणी पडली आहे. तिच्यात जोखीम कमी आणि ओरड जास्त. आयात-निर्यात कोड काढणे, अपेडाकडे नोंदणी करणे, जहाज कंपनीकडे जागा राखणे ही कामे ‘मोठ्यांची’ समजून सोडून दिली जातात. गिरणीवाल्यांच्या संघटनांनी भरडाईच्या दरासाठी जेवढी निवेदने दिली असतील, त्याच्या एक दशांश जरी कंटेनरसाठी दिली असती तर हे पत्र कदाचित लिहावे लागले नसते.

डबा जितका उभा राहतो तितका आतला तांदूळ घाम पितो, हेही टेबलावरून दिसत नाही. तांदळात तेरा-चौदा टक्के ओलावा असतो. दिवसा लोखंडी छत तापते, आतली हवा ओलावा उचलते. रात्री छत गार पडले की तोच ओलावा थेंब होऊन कट्ट्यांवर टपकतो. वरच्या थरातली पोती काळी पडतात, बुरशी धरतात आणि आफ्रिकेच्या धक्क्यावर दार उघडल्यावर भांडण सुरू होते. म्हणून जाणकार भरणारा भिंतींना आणि छताला क्राफ्ट पेपर लावतो, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतो, किडीसाठी धुरी देतो, आणि 1 जुलै 2016 पासून सक्तीचे झालेले डब्याचे एकूण वजन धर्मकाट्यावर नीट करून घेतो. एवढे करूनही डबा डेपोत गाडीची वाट पाहत पंधरा दिवस उभा राहिला तर सगळे मुसळ केरात. गोंदियासाठी गाडीच्या वेगापेक्षा गाडी कोणत्या वारी सुटेल हे नक्की असणे जास्त मोलाचे आहे.

रस्त्याचे काय, असे कोणी विचारील. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला आणि त्याची गोंदियापर्यंतची पुढची वाटही आखली गेली आहे. चांगलेच आहे. पण एका ट्रेलरवर तांदळाचा एकच डबा जातो. नव्वद डब्यांसाठी नव्वद ड्रायव्हर, नव्वद टोलपावत्या आणि एकूण नव्वद हजार किलोमीटर डिझेल. शिवाय आमणेला महामार्ग संपल्यावर बंदरापर्यंतची गर्दी उरतेच. हजार किलोमीटरला जड माल रुळावरून न्यावा, हे तत्त्व आपल्या निगमाच्या जन्माचे कारणच आहे. मार्च 1988 मध्ये स्थापना, नोव्हेंबर 1989 मध्ये रेल्वेचे सात डेपो हाती घेऊन कामाला सुरुवात. न्हावा शेव्याचे बंदरही त्याच वर्षी सुरू झाले. त्या बंदराने 2024-25 मध्ये सुमारे 73 लाख टीईयू (वीस फुटी डब्याचे माप) हाताळले, आणि पालघर जिल्ह्यात वाढवणला 232 लाख टीईयू क्षमतेच्या बंदराचा पाया 30 ऑगस्ट 2024 ला घातला गेला. किनाऱ्यावरचे तोंड एवढे मोठे होत असताना त्यात घास कुठून येणार, याचा विचार नकाशाच्या पूर्व टोकापासूनही व्हायला हवा.

विसरल्या गेलेल्या एका गोष्टीची इथे आठवण करून द्यावीशी वाटते. शंभर वर्षांपूर्वी मध्य प्रांताला समुद्र नव्हता, मँगनीज मात्र भरपूर होते. बालाघाटचे मँगनीज छोट्या रुळांवरून गोंदियाला यायचे आणि इथे मोठ्या रुळांवर चढायचे. ते परदेशी नेण्यासाठी बंगाल नागपूर रेल्वेने रायपूर ते विजयनगरम असा मार्ग घाटातून काढला, तो 1931 मध्ये पूर्ण झाला, आणि 1933 मध्ये विशाखापट्टणमचे बंदर उघडले. म्हणजे या मुलखाच्या मालासाठी एकेकाळी डोंगर फोडून बंदर उभे राहिले. आजही गोंदियाहून विशाखापट्टणम रेल्वेने सातशे किलोमीटरच्या घरात आहे, मुंबई पावणेदहाशेच्या. पण अंतर कमी म्हणून प्रवास छोटा होतोच असे नाही. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम आफ्रिकेला जाणारा डबा बहुधा कोलंबोला जहाज बदलतो आणि तिथे अडकू शकतो. दोन्ही दारे उघडी असावीत आणि गिऱ्हाईक पाहून दार निवडता यावे, ही खरी सोय. 2021-22 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भुसावळ–खरगपूर–डानकुनी असा पूर्व-पश्चिम मालवाहू मार्ग सांगितला होता. तो कागदावरून जमिनीवर येईपर्यंत गोंदियाने थांबावे असे कोणी सुचवू नये.

तर निगमाने काय करावे? मोठा डेपो बांधून फीत कापावी, अशी मागणी नाही. सत्तावीस-अठ्ठावीस टनांचा भरलेला डबा उचलायला रीच स्टॅकर लागतो आणि ते यंत्र पेलणारी पक्की जमीन लागते. गोंदियाच्या मालधक्क्यावर ते उद्या होणार नाही. रिकामा वीस फुटी मात्र सव्वादोन टनांचा असतो, तो साधी हायड्रा क्रेन उचलते. म्हणून सुरुवात रिकाम्या डब्यांपासून व्हावी. जहाज कंपन्यांशी बोलून चाळीस-पन्नास वीस फुटी डबे गोंदियात कायम ठेवावेत. गिरणीवाल्याने सकाळी न्यावा, भरावा, सील लावून संध्याकाळी ट्रेलरवर चढवावा. निदान रिकाम्या खेपेचे पैसे गिरणीवाल्यांत वाटले जातील आणि नागपूरची वाट पाहणे संपेल.

दुसरी गोष्ट सीमाशुल्काची. ती निगमाच्या हातात पूर्णपणे नाही, पण जागा आणि मालाच्या ताब्याची जबाबदारी घेणारा कोणी पुढे आल्याशिवाय ते खाते हलत नाही, आणि पुढे येण्याचा अनुभव निगमाइतका कोणाला नाही. डिसेंबर 2021 च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणाने रेल्वेच्या जमिनीवरही टर्मिनल उभारण्याची वाट सोपी केली आहे. गोंदियाच्या गिरणीवाल्यांनी भागभांडवल घालावे, निगमाने चालवावे, आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी सीमाशुल्काचा अधिकारी यावा. रोज यावा असा आग्रह नाही.

तिसरी गोष्ट नव्वदाची. धान्याच्या बंद वाघिणींसाठी रेल्वेने वीस वाघिणींचा मिनी रेक मान्य केलेला आहे. कंटेनरलाही त्याच धर्तीवर वीस वाघिणी, चाळीस डबे, हजार टन तांदूळ, एवढी गाडी गोंदियाहून निघू द्यावी आणि उरलेल्या वाघिणी नागपूरला जोडाव्यात. नया रायपूरला निगमाचे मोठे लॉजिस्टिक पार्क आहेच. तिथून अर्धी भरून निघालेली गाडी गोंदियाला भरून पुढे जाऊ शकते, कारण तिचा रस्ता इथूनच जातो. इथे प्रश्न रुळांचा नसून वेळापत्रकाचा आणि भाडेआकारणीचा आहे, आणि ही दोन्ही कामे आपल्या आणि रेल्वे बोर्डाच्या टेबलावर होतात.

लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे 2023 च्या अखेरीपासून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा काहींनी म्हटले की तांदळाला त्याचे काय, पश्चिम आफ्रिकेची बरीच जहाजे तशीही केपवरूनच जातात. पण वळसा लांबला की तेवढाच माल न्यायला जास्त जहाजे आणि जास्त डबे अडकतात, आणि टंचाई पहिल्यांदा जाणवते ती डबा सर्वांत शेवटी पोहोचतो तिथे. गोंदिया त्या रांगेच्या शेवटी आहे. इथे चाळीस रिकामे डबे असणे म्हणजे रांगेत चार पावले पुढे सरकणे.

खरिपाचे धान दिवाळीनंतर गिरण्यांत येते आणि उष्ण्याच्या भट्ट्या डिसेंबरपासून रात्रंदिवस चालतात. तेव्हा प्रयोग करायचाच तर रिकामे डबे ऑक्टोबरात गोंदियात उतरले पाहिजेत. त्याआधी निगमाच्या नागपूर कार्यालयातून कोणीतरी इथे यावे, गिरणीवाल्यांना एका खोलीत बसवावे आणि गोंदिया ते न्हावा शेवा, गोंदिया ते विशाखापट्टणम असे एका वीस फुटी डब्याचे भाडे लेखी सांगावे: चाळीस डबे जमले तर किती, वीसच जमले तर किती, आणि रिकाम्या राहिलेल्या वाघिणींचा भार कोणी किती सोसायचा. तो आकडा हातात आला की आपला डबा भरायचा की काकीनाड्याचा ट्रक, ते गिरणीवाले ठरवतील.